दीडपट

कारखान्याने शंभर रुपये संशोधनावर घातले
तर कमाईतून दीडशे वजा धरायचे.
मी दांडिया बाजारात, पंड्यासाहेबांच्या ऑफिसात,
एकवीस वर्षं हा गुणाकार करतोय,
सव्वाने, दीडने, दोनने, आता पुन्हा दीडने,
दिल्लीचं मन बदलेल तसा.

पहिल्या वर्षी अमीनशेठकडे
अकरा लाखांचं संशोधन होतं.
यंदा सहा कोटी चाळीस.
पंप तोच. निळा रंगसुद्धा तोच.
खोली मात्र नवी, काचेच्या दाराची,
दारावर पितळी पाटी,
आणि पाटी पुसणारा माणूसही संशोधनात.

संशोधनात एसी, एसीचा दुरुस्तीवाला,
जावईबापूंचा जर्मनीचा दौरा,
मकरपुऱ्याच्या शेडपुढची हिरवळ,
हिरवळीला पाणी घालणारा रायसिंग,
दर शनिवारी साडेचार किलो लीलो चेवडो.
चेवड्यावर मी पेन्सिलीने काट मारली.
पंड्यासाहेब चष्म्यावरून बघत म्हणाले,
शिर्के, उपाशीपोटी कुणी शोध लावतो का?
आणि खोडरबर पुढे सरकवला.

खोटं आहे असंही नाही.
कायदा सैल शिवलेल्या सदऱ्यासारखा,
आत एक माणूस
आणि त्याचं पुढे सुटणारं पोट.

परवा पेपरात होतं,
सरकारने अशी सोडलेली रक्कम
अंदाजाच्या पार पुढे गेली.
सोडलेली.
दिली नाही कुणी, घेतलीही नाही,
पाटाचं पाणी सोडावं तशी सोडली,
कुठल्या वाफ्यात मुरली ते पाटकऱ्यालाही ठाऊक नाही.
दिलेल्या पैशाची पावती असते,
सोडलेल्याचं नुसतं परिशिष्ट.

पुरावा म्हणून वह्या मागवल्या.
सतरा वह्या कोऱ्याच, खळीचा वास अजून ताजा.
अठरावीला तेलाची बोटं.
पद्मजा खानविलकर, कनिष्ठ तंत्रज्ञ, पगार बावीस हजार.
वर्षभर एकच सील,
पंपाच्या मानेतलं, बांगडीएवढं.

१४ जून. गळलं.
२ जुलै. रबर बदललं. गळलं.
१९ जुलै. नव्वद अंशाला टिकलं.
चहा पिऊन आले, गळलेलं.
नवरात्र, पाचवी माळ. सगळे गरब्याला.
आज गळलं नाही, वीजच नव्हती.
११ मार्च. कळलं.

पुढे पान कोरं.

पगार, रबर, तेल, वीज धरून
मी तिच्या वर्षाची बेरीज केली.
चार लाख अठरा हजार.
सहा कोटी चाळीसच्या त्या ढिगात
ही रक्कम ठेवली तर परत सापडणार नाही,
म्हणून उगाच एका चिठ्ठीवर वेगळी लिहिली.

दुपारी सेवउसळीच्या गाडीपाशी उभा राहून
वहीमागचा नंबर फिरवला.
बाई, काय कळलं अकरा मार्चला?

थोडा वेळ नुसता लेथचा आवाज.
मग म्हणाली, सील पहिल्यापासून बरोबर होतं हो.
शाफ्ट वाकडा आहे. केसभर.
नवीन मागितला, तर म्हणाले यंदा बजेट नाही.

माझ्या पावाचा लगदा झाला होता रश्शात.

माझ्या कामाचे किती धरलेत?
सहा लाख सत्तावीस, मी म्हणालो. दीडपट.
म्हणजे वरचे दोन लाख नऊ हजार
खर्च न होताच?
हो.
त्यात चार शाफ्ट येतात, ती म्हणाली,
कुठे आहेत ते?

कुठेच नाहीत, सांगणार होतो,
वजावट म्हणजे पैसे नव्हेत, बाई,
ती फक्त न भरलेल्या कराची
एक रीत आहे. पण मागून बस आली,
आणि मी ऐकू येत नाही असं म्हणालो.

सूरसागरला वळसा घालून ऑफिसात आलो.
वही परिशिष्टाला टाचली, तेलाचे डाग वर दिसतील अशी,
साहेबांना असा पुरावा आवडतो.
मग चेवड्याची रक्कम
शाईने लिहिली.